काळा कोट आणि जोडकाम

सिव्हिल लाइन्समधल्या कोर्टात सकाळी उलटतपासणी घेणारा नागपूरचा वकील संध्याकाळी लॉ कॉलेजात करार कायदा शिकवतो, रात्री कुणाच्या तरी पुस्तकाची प्रुफं चाळतो. चालतं का हे? चालतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या ५१व्या नियमाने कायद्याची पुस्तकं संपादित करायला, वृत्तपत्राचा मजकूर छापण्याआधी तपासून द्यायला, परीक्षेचे पेपर काढायला मोकळीक दिली आहे. 'ऑल इंडिया रिपोर्टर' ज्या गावातून निघतो, तिथे असलं लेखणीचं काम नवं नाहीच. शिकवण्यावर मात्र वकिलांच्या कायदा-अध्यापनाबाबतच्या १९७९च्या वेगळ्या नियमांनी दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली आहे.

पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, की वकिली थांबवावी लागते. धंद्यात नुसते पैसे गुंतवता येतात, गल्ल्यावर बसता येत नाही. डॉ. हनिराज चुलानी यांनी डॉक्टरकी चालू ठेवून सनद मागितली. महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलने ती नाकारली आणि १९९६मध्ये सुप्रीम कोर्टानेही. निकाल कडक वाटतो, पण तारखेला अशिलाने ऑपरेशन संपायची वाट बघायची का?

अर्धवेळ नोकरी मिळत असेल, तर रुजू होण्याआधी राज्य बार कौन्सिलची संमती घ्या.