घरचे फोटो कोठे ठेवावेत?



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. या वेळचा विषय शेताबाहेरचा आहे, पण घराघरांतला आहे. पूर्वी घरात एखाद-दुसराच फोटो असे. लग्नातला, नाहीतर जत्रेत पडद्यापुढे उभे राहून काढलेला. तो काचेत बसवून सोप्यात टांगलेला असे. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि एका बारशाला दोन-अडीचशे फोटो सहज निघतात. फोटो वाढले, परंतु ते टिकविण्याची सोय त्या मानाने झालेली नाही. मोबाईल विहिरीत पडला, एस. टी. स्टँडवर चोरीला गेला किंवा एके दिवशी चालूच झाला नाही, की पाच-सहा वर्षांचे फोटो एकदम जातात. मोबाईल नवा घेता येतो. गेलेल्या आईचा फोटो नवा काढता येत नाही.

कागदी फोटो तरी सुरक्षित आहेत का? ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात महापूर आला आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा आला. पडलेल्या भिंती, दगावलेली जनावरे, बुडालेला ऊस यांचे पंचनामे झाले. फोटोंच्या अल्बमला पंचनाम्यात रकाना नसतो. फोटोच्या कागदावर जिलेटीनचा थर असतो. तो पाण्याने फुगतो आणि अल्बम तसाच वाळला की फोटो एकमेकांना असे चिकटतात, की सोडवायला गेल्यास चेहराच निघून येतो.

तेव्हा पूर असो, आग असो की चोरी असो, घरातल्या फोटोंची एक प्रत घराबाहेर असलीच पाहिजे. ती ठेवण्याची आजची सोपी सोय म्हणजे क्लाऊड. मात्र ही सोय कशी निवडावी, हे नीट समजून घ्यावे लागेल.

क्लाऊड म्हणजे काय?

क्लाऊड म्हणजे ढग. आपण ढगाकडे बघून कामाचा बेत ठरविणारी माणसे, त्यामुळे या शब्दाने कोणाचा गोंधळ होऊ नये. फोटो आकाशात जात नाहीत. ते मोठ्या कंपन्यांच्या गोदामासारख्या इमारतींत हजारो संगणकांवर ठेवलेले असतात आणि इंटरनेटवरून आपल्याला दिसतात. म्हणजे हे एक वखारच झाले. माल आपला, जागा दुसऱ्याची. वखारीत माल ठेवताना आपण काय विचारतो? पावती कोणाच्या नावे, भाडे किती, माल परत कसा मिळणार? येथेही तेच विचारायचे.

जागा किती मिळते?

फुकट मिळणारी जागा निरनिराळी आहे. गुगलकडे १५ जीबी, ॲपलच्या आयक्लाऊडवर ५ जीबी, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राईव्हवर ५ जीबी आणि ड्रॉपबॉक्सवर २ जीबी. गुगलच्या १५ जीबीत फोटो, ईमेल आणि ड्राईव्हमधील कागदपत्रे असे तिघांचे एकत्र बिऱ्हाड असते. अँड्रॉइड मोबाईलवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही पूर्वी वेगळा धरला जाई. तो आता याच जागेत मोजला जातो.

हिशोब करून पाहू. मोबाईलचा एक फोटो साधारण ३ एमबीचा धरला, तर १५ जीबीत सुमारे ५,००० फोटो बसतील. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण व्हिडिओ जागा फार खातो. चांगल्या प्रतीचा व्हिडिओ मिनिटाला १०० एमबीच्या आसपास धरावा. घरच्या लग्नात तासा-दीड तासाचे चित्रण केले, तर ९ जीबीपर्यंत जागा त्यातच गेली. म्हणून फोटोंसाठी जागा निवडताना आपल्याकडे व्हिडिओ किती आहेत, हे आधी पाहावे.

फुकट आहे म्हणून कायम फुकट राहील, असेही धरून चालू नये. गुगल फोटोज २०१५ साली सुरू झाले तेव्हा थोडे आकसलेले फोटो कितीही ठेवा, मोफत, असे सांगितले होते. १ जून २०२१ पासून ती सवलत बंद झाली. फ्लिकर या सेवेनेही २०१८ साली मोफत खात्याला १,००० फोटोंची मर्यादा घातली. कंपनीचा तो व्यवहार आहे. पण आपण सवलतीवर घराची आठवण तोलून धरू नये.

निवडताना विचारायचे प्रश्न

१. खाते कोणाच्या हातात आहे? हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. आपल्याकडे नवा मोबाईल घेतला की दुकानदारच घाईत एक ईमेल खाते उघडून देतो. पासवर्ड त्याने काय ठेवला, हे त्यालाही दुसऱ्या दिवशी आठवत नाही. पुढच्या मोबाईलला पुन्हा नवे खाते. अशाने एकाच माणसाची तीन-चार खाती होतात, आणि फोटो त्या त्या खात्यात अडकून पडतात. कंपनीने फोटो जपलेले असतात, पण कुलपाची किल्लीच हरवलेली असते. शेअर सर्टिफिकेट जसे आपण दुकानदाराच्या गल्ल्यात ठेवत नाही, तसे हे खाते दुसऱ्याच्या ध्यानावर सोडू नये. खात्याचे नाव आणि पासवर्ड वहीत लिहून ती वही सातबारा, पासबुकाच्या पेटीत ठेवावी. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, हे पाहावे. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्या ग्राहकाला देते.

२. भाडे थांबले तर काय? महिन्याचा दर लहान दिसतो. त्याला बाराने गुणावे आणि पुन्हा दहाने गुणावे, कारण फोटो वर्षभरासाठी ठेवायचे नाहीत. दर आणि सवलती बदलत असतात, म्हणून घेण्याच्या दिवशी मोबाईलवरच पाहून घ्यावे. जागा भरून गेली, तर गुगलवर नवे फोटो चढणे थांबते आणि ईमेल येणे-जाणेही थांबते. अशा भरलेल्या अवस्थेत दोन वर्षे गेली, तर आतला माल काढून टाकण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला आहे. दोन वर्षे ज्या खात्याकडे कोणी फिरकले नाही, ते खाते पुसण्याचा नियमही गुगलने २०२३ साली केला. म्हणून वापरात नसलेले जुने खाते असेल, तर ते आठवणीने उघडून बघावे.

३. मोबाईलमधून पुसले तर काय होते? येथे पुष्कळांची फसगत होते. क्लाऊडवर गेले, आता मोबाईलमधले पुसू, असे म्हणून लोक गुगल फोटोजमध्येच फोटो पुसतात. तसे केल्यास तो दोन्हीकडून जातो. आयक्लाऊडवरही हाच प्रकार आहे. पुसलेला फोटो काही दिवस कचरापेटीत राहतो. गुगलकडे बॅकअप झालेल्या फोटोसाठी ही मुदत ६० दिवस आहे, ॲपलकडे सुमारे ३० दिवस. तेवढ्यात परत काढता येतो, पुढे नाही. फक्त मोबाईलमधली जागा मोकळी करायची असेल, तर गुगल फोटोजमध्ये त्यासाठी ‘फ्री अप स्पेस’ अशी वेगळी सोय आहे, तीच वापरावी.

४. फोटो मूळ राहतो की आकसतो? जागा वाचविण्यासाठी फोटो आकसून ठेवण्याचा पर्याय गुगलमध्ये असतो. मोबाईलच्या पडद्यावर फरक कळत नाही, आणि रोजच्या फोटोंना तो चालेल. पण मोठा करून भिंतीवर लावायचा फोटो मूळ प्रतीतच ठेवावा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो बहुधा आधीच आकसलेला असतो. पाहुण्यांकडून चांगला फोटो मागवायचा असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. तसा पाठविला की तो जसाच्या तसा येतो.

५. माल परत काढता येतो का? जेथून सगळे फोटो एकदम बाहेर काढता येत नाहीत, ती वखार कितीही स्वस्त असली तरी नको. गुगलमध्ये ‘टेकआउट’ नावाची सोय आहे. तिच्यातून आपले सगळे फोटो संगणकावर उतरवून घेता येतात. ॲपलकडेही प्रत मागविता येते. नवीन कोणी सवलत देऊ केली, तर हा प्रश्न आधी विचारावा.

६. आपल्या माघारी काय? कारखान्याच्या शेअर्सला आपण वारसाचे नाव लावतो. फोटोंच्या खात्यालाही ते लावता येते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. खाते ठराविक महिने वापरले गेले नाही, तर आपण नेमलेल्या माणसाला कळवून त्याच्या हाती आतला माल द्यावा, अशी व्यवस्था गुगलमध्ये आहे. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये अशीच सोय दिली. घरातल्या एका समजूतदार मुलाला किंवा सुनेला बसवून हे काम उरकून घ्यावे. कर्ता माणूस गेल्यावर त्याच्याच मोबाईलचे कुलूप उघडत नाही आणि दशक्रियेला लावायला फोटो मिळत नाही, अशी वेळ कोणावर येऊ नये.

मग कोणती निवडावी?

अँड्रॉइड मोबाईल असेल, तर गुगल फोटोज बरे. ते मोबाईलमध्ये बहुधा आधीच असते, जागाही फुकटात जास्त आहे. आयफोन असेल, तर आयक्लाऊड सोयीचे, मात्र ५ जीबी लवकर भरतात, तेव्हा पैसे भरण्याची तयारी ठेवावी. मुलांच्या शिक्षणासाठी घरी संगणक असून मायक्रोसॉफ्टची वर्गणी भरलेली असेल, तर त्या वर्गणीत वनड्राईव्हची जागा येते. तशा घराने दुसरीकडे पैसे भरण्याआधी ती वापरावी.

मोबाईलमध्ये आधार कार्ड, पासबुक, सातबारा यांचेही फोटो असतात, आणि तेही याच खात्यात चढतात. म्हणून खात्याला दुहेरी कुलूप लावावे, म्हणजे पासवर्डनंतर दुसरी खात्री मागण्याची सोय सुरू करावी. ‘तुमचे फोटो पुसले जाणार आहेत, ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर तो ठेवून द्यावा. ओटीपी विचारायला कोणतीही कंपनी फोन करीत नाही.

एकाच जागेवर विसंबू नये

लागण करताना आपण थोडी रोपे बाजूला तयार ठेवतो, कारण नांग्या पडणार हे आपल्याला ठाऊक असते. फोटोंचेही तसेच आहे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने प्रचारात आणलेला ‘तीन-दोन-एक’ हा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्या भाषेत सांगायचे, तर एक मोबाईलमध्ये, एक हार्ड डिस्कवर आणि एक क्लाऊडवर.

मोठ्यांचीही वखार जळते. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे अशा एका केंद्राला आग लागली आणि ज्यांनी दुसरी प्रत ठेवली नव्हती, त्यांची माहिती गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात डेजॉन येथील सरकारी केंद्राला बॅटरीपासून आग लागली. सरकारी नोकरांनी एका सामायिक साठ्यात ठेवलेली ८५८ टीबी माहिती नष्ट झाली. त्या साठ्याची दुसरी प्रतच नव्हती. एवढ्या प्रगत देशाच्या सरकारचे असे झाले, तर आपण सावध राहिलेले बरे.

हार्ड डिस्क घेतल्यास तिच्यावर वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि पाडव्याला, फोटो उतरवावेत. ती खालच्या कपाटात नको, माळ्यावर ठेवावी, किंवा लेकीच्या घरी ठेवावी. पेनड्राईव्ह फोटो नेण्या-आणण्यास ठीक आहे, वर्षानुवर्षे साठविण्यास त्याचा भरवसा धरू नये.

कामाचा क्रम

पावसाळ्यात शेतात पाऊल ठेवता येत नाही, असे चार दिवस मिळतात. त्या दिवसांत पुढील क्रमाने काम करावे.

पहिले, घरातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये कोणते खाते आहे ते वहीत लिहावे. दुसरे, बॅकअप सुरू करावा. फोटो पुष्कळ असतील, तर वाय-फाय असेल तेथेच चढवावेत. तिसरे, उगवण तपासतो तसे तपासावे. म्हणजे दुसऱ्या मोबाईलवर किंवा संगणकावर तेच खाते उघडून फोटो खरोखर दिसतात का, ते पाहावे आणि काम झाल्यावर तेथून खाते बंद करून बाहेर पडावे. बॅकअप चालू आहे असे नुसते समजून बसू नये.

चौथे काम जुन्या कागदी फोटोंचे. आजी-आजोबांचा एकुलता एक फोटो काचेतून हलक्या हाताने काढावा, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात सपाट ठेवावा आणि फ्लॅश न लावता बरोबर वरून मोबाईलने टिपावा. चिकटलेला असेल तर ओढू नये, काचेसकटच टिपावा. फोटोत कोण आहे, कोणत्या गावी, साधारण कोणत्या साली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवावे. नाव सांगणारे माणूस गेले, की फोटो राहतो आणि ओळख जाते. क्लाऊडची जागा पुढेही विकत मिळेल, पण ही माहिती मात्र कोठेच विकत मिळणार नाही.

तरी सभासदांनी चौथे काम सर्वांत आधी उरकले, तरी हरकत नाही. ते पावसाची वाट पाहणारे नाही.

– ऊस विकास अधिकारी