ब्रेकचा दिवा: गेलेला आणि घालविलेला

गेल्या वैशाखांत एका मुंजीसाठीं आम्ही पुण्याहून चिपळूणास निघालों होतों. मोटार आमच्या भाच्याची; जर्मन बनावटीची, वापरलेली घेतलेली, पण रंगरूपानें अगदीं नव्यासारखी. उंब्रज मागें टाकून पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर येईतोंवर प्रवास सुखाचा झाला. उतार लागला, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर भाच्यानें ब्रेक दाबतांच पुढच्या चाकांतून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा खरखराट उमटला. मागें आमची ताई भिक्षावळीच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिनें विचारलें, “अरे, हा आवाज कसला?”

“कांहीं नाहीं, आई,” भाचा म्हणाला, “खडा अडकला असेल. ब्रेकचें कांहीं असतें तर दिवा लागला असता.”

हें उत्तर अडाणीपणाचें नव्हतें. ब्रेकचे पॅड झिजले म्हणजे त्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो. इतकेंच नव्हे, तर पुढचे पॅड अजून किती किलोमीटर टिकतील याचा आंकडाही तेथें पाहतां येतो. भाच्यानें तो आठच दिवसांपूर्वीं पाहिला होता, १४,००० कि.मी. शिल्लक होते. तरीही पुढच्या वळणावर आवाज वाढला, तेव्हां आम्हीं गाडी खालच्या गिअरमध्यें टाकावयास लावली आणि बैलगाडीच्या गतीनें घाट उतरविला. पायथ्याशीं रस्त्याच्या कडेला एक लहानसें गॅरेज होतें. तेथील मिस्त्र्यानें पुढचें डावें चाक काढलें आणि आम्हांस जवळ बोलाविलें. आंतल्या बाजूच्या पॅडावरील घर्षणाचा थर पार नाहींसा झाला होता. मागची पोलादी पट्टी उघडी पडून डिस्कवर बोटाला लागतील असे चर पाडीत होती. मग त्यानें चाकामागून एक वायर ओढून दाखविली.

“साहेब, ही बघा सेन्सरची वायर. सेन्सर कापून टाकलाय, दोन्ही टोकं एकमेकांना पिळलीयत, वरून काळी टेप. हा दिवा तुम्हांला कधी दिसणारच नव्हता.”

घडलें होतें तें असें. पूर्वींच्या मालकाच्या वेळीं पॅड बदलले गेले. नवे पॅड बसवूनही दिवा जाईना. तेव्हां कोणा हुषार कारागिरानें सेन्सर बदलण्याऐवजीं दिवाच घालविला. मालकाचें समाधान झालें, कारागिराला पैसे मिळाले, आणि त्या हुषारीची किंमत वसूल व्हावयाची ती कुंभार्ली घाटांत आमच्याकडून!

“पॅड तर नवे टाकले, मग हा दिवा कां जात नाहीं?” हा प्रश्न अशा गाड्या बाळगणाऱ्या पुष्कळ गृहस्थांना पडतो. मर्सिडीज-बेंझ कंपनीचा कारखाना १९९५ पासून पुणें परिसरांत आहे व २००९ पासून तो चाकणास आहे, बी.एम.डब्ल्यू. २००७ पासून चेन्नईजवळ गाड्या जुळविते. तेव्हां ही यंत्रणा आतां आपणांस अगदींच परकी राहिलेली नाहीं. ती एकदां नीट समजून घेतली, तर दिवा कसा घालवावा हा प्रश्न बहुतेक वेळां उरतच नाहीं.

चाकाबरोबर एक पोलादी किंवा बिडाची चकती फिरते, ती डिस्क. तिला दोन्ही अंगांनीं चिमटा घेणारें जें यंत्र, तो कॅलिपर. चिमट्याच्या दोन जबड्यांत बसविलेले ते पॅड. नव्या पॅडावर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मि.मी. जाडीचा असतो, तो ३ मि.मी.च्या आसपास आला कीं पॅड बदलावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. झीज डोळ्यांना सहसा दिसत नाहीं. त्यांतही आंतला पॅड चाकाआड दडलेला, आणि कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या म्हणजे नेमका तोच आधीं झिजतो. आमच्या भाच्याच्या गाडींत हेंच झालें होतें. यासाठीं पॅडाच्या अंगांत, ठराविक खोलीवर, एक बारीक तार बसविलेली असते. थर झिजत झिजत तेथवर आला कीं तार फिरत्या डिस्कला लागते. हाच सेन्सर. आपल्याकडील कित्येक साध्या गाड्यांत सेन्सर नसतो. तेथें पॅडाला एक पातळ पोलादी पट्टी असते, ती डिस्कला टेकून किंकाळी फोडते. कानाला हें कर्कश लागतें खरें, पण टेप गुंडाळून तिचें तोंड बंद करतां येत नाहीं, हा तिचा मोठाच गुण म्हणावयाचा.

सेन्सर सर्वत्र एकाच तऱ्हेचा नसतो. मर्सिडीजच्या कित्येक गाड्यांत तारेचें उघडें पडलेलें टोक डिस्कला टेकलें म्हणजे विद्युत्प्रवाहाला वाट मिळते व दिवा लागतो. येथें नवा सेन्सर बसला कीं दिवा आपोआप जातो. निराळें कांहीं करावें लागत नाहीं. पण या पद्धतींत वायर नुसती सुटून लोंबत राहिली तरीही दिवा लागत नाहीं, हें विसरूं नये. दुसऱ्या पद्धतींत उलट आहे. तारेचा वेढा अखंड असेल तोंवर सर्व क्षेम, आणि तो तुटला कीं दिवा. म्हणून येथें टोकें पिळण्याची लबाडी साधते.

बी.एम.डब्ल्यू.च्या गाड्यांत या दुसऱ्या पद्धतीवर आणखी एक मजला चढविला आहे. तेथील सेन्सरांत दोन पायऱ्या असतात. पहिली पायरी घासली गेली कीं तारेचा विरोध बदलतो. त्यावरून गाडींतील संगणक झीज कोठवर आली हें ओळखतो, आणि चालविण्याची रीत पाहून उरलेल्या किलोमीटरांचा अंदाज बांधतो. दुसरी पायरी तुटली म्हणजे मुदत संपली. पुढचा सेन्सर बहुधा डाव्या चाकापाशीं व मागचा उजव्या चाकापाशीं असतो. उरलेल्या दोन चाकांविषयीं संगणकाला स्वतःचें असें कांहींच ज्ञान नसतें.

अशा गाडींत नुसता सेन्सर बदलून भागत नाहीं. संगणकालाही पॅड नवे आल्याचें सांगावें लागतें. रीत सोपी आहे. इग्निशन चालू करावें, पण एंजिन सुरू करूं नये; ब्रेकवर पाय ठेवूं नये. अर्धा-एक मिनिट थांबावें. मग मीटरच्या खालीं ट्रिपचा आंकडा शून्य करण्याचें जें बटण असतें, तें सुमारें दहा सेकंद दाबून धरावें. डॅशबोर्डवर सेवेची यादी उघडते. एकेक दाबीनें पुढें सरकत ब्रेकच्या योग्य चिन्हावर यावें. पुढच्या व मागच्या चाकांचीं चिन्हें निराळीं असतात. तेथें बटण पुन्हां दाबून धरलें कीं ‘रीसेट?’ असा प्रश्न येतो, आणि आणखी एकदां दाबून धरलें कीं जुना आंकडा जाऊन नवा येतो. निरनिराळ्या सालच्या गाड्यांत बटणाची जागा व क्रम थोडा बदलतो, तेव्हां गाडीबरोबर आलेलें पुस्तक मांडीवर असावें.

पुष्कळदां येथें घोडें अडतें. सारें बरोबर करूनही आंकडा बदलत नाहीं, आणि लोक बटणाला, संगणकाला व जर्मन लोकांना दोष देऊं लागतात. वस्तुतः संगणक आधीं सेन्सरची तार तपासतो. ती तुटलेली आढळली तर तो रीसेट स्वीकारीत नाहीं. पॅड नवे, पण सेन्सर जुनाच ठेवला, किंवा नव्या सेन्सरचा जोड नीट बसला नाहीं, यांपैकीं एक बहुधा निघतें. दिवा एकदां लागला असेल तर जुना सेन्सर पुन्हां वापरूं नये. चार पैसे वांचविण्याची ही जागा नव्हे.

आणि तरीही संगणक जें तपासतो तें तारच. तारेभोंवतीं पॅड नवे आहेत कीं जुने, हें त्याला कळण्याचा मार्ग नाहीं. अर्ध्या झिजलेल्या पॅडांत नवा सेन्सर खोवून रीसेट केलें, तर तो बिचारा नव्या पॅडांचाच हिशेब मांडूं लागतो. भाच्याच्या गाडीनें सांगितलेले १४,००० कि.मी. हे असल्याच हिशेबांतले होते. पिळलेल्या टोकांतून तिला सर्व क्षेम असल्याचा निरोप जात होता, आणि मागें कोणीतरी बटण दाबून पॅड नवे असल्याचें सांगितलें होतें, त्या शब्दावर ती किलोमीटर वजा करीत बसली होती. त्याच यादींत ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद असते. तेथें तर तपासणारी तारही नाहीं, सारा व्यवहार विश्वासाचा. म्हणून वापरलेली गाडी घेतांना आंकडे पाहून संतुष्ट न होतां चारी चाकें काढून दोन्ही बाजूंचे पॅड पाहावे, आणि सेन्सरच्या वायरीवर काळी टेप नाहीं ना, एवढें पाहावेंच पाहावें.

झिजेच्या या पिवळ्या दिव्याची लाल दिव्याशीं गल्लत करूं नये. लाल दिवा हँडब्रेक ओढलेला असल्याचा, किंवा ब्रेक ऑइल कमी झाल्याचा असतो, व त्यापुढें गाडी हांकणें धोक्याचें. पॅड झिजतात तसे पिस्टन पुढें येतात व बरणींतील ऑइलची पातळी उतरते. म्हणजे तीही झिजेची एक खूणच. ऑइल घालून ती खूण पुसली, तर पॅड नव्यानें बसवितांना पिस्टन मागें रेटले जाऊन तें बाहेर सांडतें आणि गाडीचा रंग खातें. ज्या गाड्यांत हँडब्रेक विजेवर चालतो, त्यांचे मागचे पॅड बदलण्यापूर्वीं पिस्टन यंत्राच्या साह्यानें मागें घ्यावे लागतात. जबरीनें रेटल्यास तेथील मोटर मोडते. काम संपल्यावर गाडी हलविण्याआधीं ब्रेकचें पेडल कडक लागेपर्यंत पुन्हां पुन्हां दाबावें. पहिल्या दाबीला तें तळाशीं जातें, आणि नेमकी समोर भिंत असते.

त्या दिवशीं आम्ही गाडी मिस्त्र्याकडे सोडून एस.टी.नें चिपळूणास गेलों. मुंज यथासांग पार पडली. कोल्हापुराहून माल येण्यास तीन दिवस लागले. चौथ्या दिवशीं परत येऊन पाहतों तों पुढचे पॅड, दोन्ही डिस्क, पिना व सेन्सर नवे बसलेले, आणि जुने सारे एका फडक्यावर मांडून ठेवलेले. ही मांडणी आम्हीं सांगितली नव्हती. मिस्त्र्यानें आपण होऊन केली होती. आम्हीं पुस्तक वाचलें, भाच्यानें बटण दाबून धरलें. क्षणभर कांहींच झालें नाहीं; मग आंकडा पालटला. ताई बांकावर चहा घेत होती, तिनें तेथूनच विचारलें, “गेला का रे एकदांचा तो दिवा?”

“तो लागलाच नव्हता, आई,” भाचा म्हणाला.