कागदामागचा हिशेब : न्यायमूर्ती रानडे आणि पुणे जिल्ह्यातील रयत

आंबेगाव तालुक्याचे न्यायालय आज घोडेगावात आहे. दीडशे वर्षांपूर्वी या भागातला कुणबी कोर्टाची पायरी चढे, तेव्हा त्याचा दावा बहुधा आधीच बुडालेला असे. सावकाराच्या खतावर त्याने नांगराची निशाणी केलेली असे, आणि कोर्ट तो कागद प्रमाण मानी. मूळ कर्ज किती आणि त्यावर चढलेले व्याज किती, हे कोणी विचारीत नसे.

हा प्रश्न महादेव गोविंद रानडे यांना नवा नव्हता. 1871 मध्ये ते पुण्यात न्यायाधीश म्हणून आले आणि सार्वजनिक सभेच्या कामाचा कणा बनले. सरकारी नोकराने लोकांची बाजू मांडावी, हे सरकारला रुचले नाही. 1878 मध्ये त्यांची नाशिकला आणि पुढल्या वर्षी धुळ्याला बदली झाली. वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या दिवसांत तर त्यांच्या टपालावरही पाळत होती.

दरम्यान, मे 1875 मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांतल्या कोर्टांना आता खतामागचा व्यवहार मुळापासून तपासता येऊ लागला. मुद्दल व व्याज वेगळे मांडायचे, व्याजावर व्याज धरायचे नाही. कर्जापायी शेतकऱ्याला कैदही नाही. या कायद्याखालील कोर्टांच्या तपासणीचे काम 1881 पासून रानड्यांकडे आले. ज्याच्यावर सरकारचा संशय होता, त्याच्याच हाती हे काम सोपवले गेले. या फिरतीच्या आठवणी रमाबाई रानडे यांनी लिहून ठेवल्या आहेत.

त्याच काळात अमेरिकेत अनेक राज्यांत न्यायाधीश मतदानाने निवडले जात. वकील विधिमंडळातून न्यायासनावर सहज जाई. इथे मतपेटीच नव्हती. 1885 मध्ये रानडे मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले, ते सरकारच्या नेमणुकीने. त्याच डिसेंबरात काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाला ते हजर होते. 1893 मध्ये तेलंगांच्या निधनानंतर ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

कायद्याने सावकारी संपली मात्र नाही. गहाणखताऐवजी सावकार खरेदीखत लिहून घेऊ लागले. नुसता न्याय पुरत नाही, शेतकऱ्याला स्वस्त भांडवलही हवे, हे रानड्यांनी ओळखले आणि 1890 च्या दशकात शेतीच्या पतपुरवठ्याची नवी घडी बसवावी, असा आग्रह धरला. निकालपत्राने कुणब्याची जमीन आज वाचेल; पण उद्याचे बियाणे उधारच आणावे लागले, तर तो पुन्हा त्याच ओट्यावर जाणार, हे या न्यायाधीशाला दिसत होते.