चमचाभर साखर आणि सरकारी पट्टी

धडधाकट माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असते. उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती? जेमतेम 5 ग्रॅम, चहाचा एक चमचा! हीच साखर डेसिलिटरला 126 मिलिग्रॅमवर, म्हणजे एकूण सव्वासहा ग्रॅमच्या आसपास गेली की डॉक्टर मधुमेहाचे निदान करतात. सगळा आजार या सव्वा ग्रॅमच्या वाढीत पकडायचा, आणि किनवटच्या तांड्यावर किंवा औसा तालुक्यातल्या उपकेंद्रात तो पकडते बोटभर लांबीची एक पट्टी.

पट्टीच्या टोकाशी बारीक फट असते. रक्ताचा थेंब टेकवला की तीच तो आत ओढून घेते. एक मायक्रोलिटरही पुरते. आत एक विकर वाळवून बसवलेले असते. पुष्कळ पट्ट्यांत ते ग्लुकोज ऑक्सिडेज असते आणि ते मिळवतात ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून. साठवलेल्या कांद्यावर काळी भुकटी धरते ना, तीच ही! विकर ग्लुकोजच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेते, दुसरे एक रसायन ते विद्युतअग्रापर्यंत पोचवते आणि यंत्र ती इवलीशी वीज मोजते. साखर जास्त, तर वीज जास्त. पाचेक सेकंदांत पडद्यावर आकडा. 1970 च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या यंत्राला पट्टीवर रक्त मिनिटभर ठेवून धुवावे लागे, मग रंगावरून साखर कळे.

नांदेड-लातूरच्या गावांत या पट्टीचे पैसे राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतात: शंभरातले 60 केंद्राचे, 40 राज्याचे. आशाताई तिशी ओलांडलेल्यांचे फॉर्म भरतात, सिस्टर किंवा सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) बोटातून रक्त घेतात. केव्हाही तपासलेली साखर 140 च्या वर दिसली की पुढच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवायचे. एवढी नाजूक वस्तू मराठवाड्यात टिकवणे मात्र सोपे नाही. बहुतेक पट्ट्या 30 अंशांच्या आत ठेवायच्या असतात आणि मे महिन्यात नांदेडचा पारा 42 च्या वर जातो. डबीचे झाकण उघडे राहिले तर दमट हवेनेही आकडा चुकतो. म्हणजे पट्टी विकत घेऊन सरकारचे काम संपत नाही, ती सावलीतही ठेवावी लागते.

घरी तपासायचे तर पट्टी बहुधा स्वतःच्या खिशातून. 22 सप्टेंबर 2025 पासून तिच्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, तेवढाच दिलासा. मग सरकारने प्रत्येक मधुमेहीला घरपोच डबी द्यावी का? ऑस्ट्रेलियात अनुदानाच्या पट्ट्या सर्रास मिळत. 1 जुलै 2016 पासून इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप 2 रुग्णांसाठी त्या आधी सहा महिन्यांपुरत्याच झाल्या, पुढे गरज असल्याचे प्रमाणपत्र हवे. कंजूषपणा वाटतो खरा. पण 2017 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात इन्सुलिन न घेणाऱ्या 450 रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज घरी बोट टोचणाऱ्यांची आणि न टोचणाऱ्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर वर्षअखेरीस जवळपास सारखीच निघाली. आकडा पाहून गोळी बदलत नसेल, जेवण बदलत नसेल, तर आकडा काय करणार?

इन्सुलिनवाल्याची गोष्ट वेगळी. उसाच्या फडात दिवसभर राबणाऱ्याची साखर अचानक उतरू शकते. घाम, थरथर, मग बेशुद्धी. त्याला पट्टी औषधाइतकीच लागते. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले आहेत. माझ्या मते इन्सुलिन हातात देताना पट्ट्यांची डबीही द्यावी, अगदी सगळ्यांना नाही जमले तरी यांना नक्की.

आणि तुमची तिशी उलटली असेल तर उपकेंद्रात जाऊन एकदा बोट पुढे करा. ती पट्टी तुमच्याच करातून आलेली आहे.