गडद काच आणि सुरक्षित काच : उन्हाच्या चष्म्याची घडण

उन्हाच्या चष्म्याची काच जितकी गडद तितके डोळ्यांचे संरक्षण अधिक, असा समज सुशिक्षितांमध्येही आढळतो. निर्मितिप्रक्रिया पाहता तो टिकत नाही. कारण भिंगास रंग देणे आणि अतिनील किरण रोखणे ही दोन भिन्न कामे होत.

आज ‘काच’ हा शब्द बव्हंशी रूढीनेच उरला आहे. बहुतेक भिंगे प्लॅस्टिकची असतात. पॉलीकार्बोनेटचे दाणे सुमारे ३०० अंश सेल्सिअसला वितळवून दाबाने साच्यात भरतात. हे द्रव्य आघात सोसते आणि अतिनील किरणांचा मोठा भाग स्वभावतःच शोषते. मात्र त्यावर ओरखडे लवकर पडत असल्याने कठीण लेप द्यावा लागतो. ‘सीआर-३९’ या राळेची रीत निराळी. ती द्रवरूपात साच्यात ओतून कित्येक तास तापवितात व घट्ट झालेले भिंग रंगाच्या कढत पाण्यात बुडवितात. कापड रंगविण्यासारखेच हे काम. बुडवण अधिक, तितकी छटा गडद. परंतु या रंगाने मुख्यतः दृश्य प्रकाश घटतो. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवायचे तर अतिनील-शोषक द्रव्य स्वतंत्रपणे योजावे लागते. ते जवळजवळ रंगहीन असते. म्हणून स्वच्छ पारदर्शक भिंगही संरक्षक असू शकते. उलट, शोषक नसलेल्या गडद भिंगामागे डोळ्याची बाहुली विस्फारते आणि आत शिरणाऱ्या किरणांना वाट रुंद होते.

चौकटीची कथा अधिक रंजक आहे. उत्तम चौकटींचे सेल्युलोज अ‍ॅसिटेट कापूस व लाकडाच्या लगद्यापासून बनते. त्याच्या पत्र्यांसाठी ख्यातनाम असलेला इटलीतील मात्सुकेल्ली हा कारखाना १८४९ साली कंगवे व गुंड्यांपासून सुरू झाला. पत्र्यातून चौकट कोरल्यावर काड्यांत धातूची तार घालतात आणि लाकडी तुकड्यांनी भरलेल्या फिरत्या पिंपांत ती कित्येक दिवस घोळवून गुळगुळीत करतात. साच्यातील स्वस्त चौकट काही सेकंदांत तयार होते. किमतीतील तफावत पुष्कळदा येथली असते, संरक्षणातली नव्हे.

भौतिकशास्त्र विभागात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा असल्यास ढोबळ पडताळा घेता येईल. भिंग दिवा व चलनी नोट यांच्यामध्ये धरावे, नोट व डोळा यांच्यामध्ये नव्हे. नोटेवरील प्रतिदीप्त तंतू तरीही चमकले, तर भिंग किरण सोडते आहे. न चमकल्यास ३६५ पुरतीच खात्री होते. ४०० पर्यंतच्या खात्रीसाठी वर्णपटप्रकाशमापकच हवा.