'असावेत' आणि 'म्हणे'

'प्रिझ्यूमेब्ली' या इंग्रजी क्रियाविशेषणाचा अर्थ विचारला, तर आपली मुले सहसा 'कदाचित' असे उत्तर देतात. इंदूर-ग्वाल्हेरकडील घरांतून 'शायद' हेही ऐकू येते. हे उत्तर अपुरे आहे. 'कदाचित' म्हणताना होय आणि नाही या दोन्ही वाटा मोकळ्या असतात. त्यासाठी इंग्रजीत 'परहॅप्स' आहे. 'प्रिझ्यूमेब्ली' म्हणणाऱ्याजवळ मात्र पुरावा नसला, तरी काही आधार असतो.

शब्दाची व्युत्पत्ती हेच सांगते. लॅटिनमध्ये 'प्राए' म्हणजे आधी आणि 'सूमेरे' म्हणजे घेणे. सिद्ध होण्याआधीच जे खरे म्हणून घेतले, ते 'प्रिझ्यूम' केलेले. आपला 'गृहीत' हा शब्दही 'घेणे' या अर्थाच्या 'ग्रह्' धातूचाच. कायद्यातही ही कल्पना आहे. ज्याची वार्ता ज्यांना स्वाभाविकपणे कळली असती, त्यांना ती सात वर्षे कळलेली नाही, अशा माणसाबाबत तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर येतो. १८७२ च्या साक्ष्य अधिनियमातील हा नियम २०२३ च्या नव्या अधिनियमातही कायम आहे. मात्र तो माणूस समोर येऊन उभा राहिला, की गृहीत संपले!

मराठीत हे काम क्रियापदच करते. दाराला कुलूप नाही, आत दिवा लागला आहे. आपण म्हणतो, 'काका घरी असावेत.' 'असतील' हा नुसता अंदाज ठरू शकतो. 'असावेत'मागे कारण उभे असते.

'सपोझिडली' हा शब्द याचा जुळा भाऊ वाटतो. पण त्याचा स्वभाव निराळा. येथे मत दुसऱ्याचे असते, आणि बोलणाऱ्याचा त्यावर फारसा विश्वास नसतो. यासाठी आपल्याकडे 'म्हणे' आहे. एरवी तो केवळ ऐकीव वार्ता सांगतो; स्वर किंचित बदलला, की त्यात शंका उतरते. 'ते गृहस्थ प्रामाणिक असावेत' यात विश्वास आहे. 'ते म्हणे प्रामाणिक!' यात उपहास. दोन इंग्रजी शब्दांची अदलाबदल झाली, तर एखाद्या सज्जनाच्या नावाला विनाकारण बट्टा लागतो.

म्हणून पालकांना एक सुचवावेसे वाटते. असा शब्द आला, की मुलाला आधी मराठीत दोन प्रश्न विचारावेत: हे मत कोणाचे? आणि त्याला आधार कोणता? उत्तरे मिळाली, की योग्य इंग्रजी शब्द आपोआप सुचेल. आणि घरातील 'असावेत' व 'म्हणे' यांची किंमतही त्याला कळेल.