दस्ता बसला म्हणजे नेमकं काय झालं?

गेल्या पावसाळ्यात पुतणीच्या एअर रायफलला नवा लाकडी दस्ता घेतला. भोकं जुळली, स्क्रू लागले, नळी सरळ दिसली. घरातल्या सगळ्यांनी ‘बसला’ असं म्हटलं, मीही म्हटलं. पंधरा दिवसांत पोरीची मान दुखायला लागली आणि छऱ्यांचा ग्रुप कागदावर फुटायला लागला. आम्ही आधी छरे बदलले, मग भोकाची मागची साइट खोलून पुसली. दोष तिथे नव्हताच. दस्ता लोखंडाला बसला होता, पोरीला बसला नव्हता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक गैरसमज त्यांची गल्लत केल्याने होतात.

गैरसमज: दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवावं. बोट चापावर पोहोचलं की माप झालं.

या मापातून फक्त हाताची लांबी कळते. मान किती लांब, खांदे किती रुंद, तळवा केवढा, अंगात काय घातलंय, यातलं काहीच कळत नाही. दुकानात मिळणाऱ्या प्रौढांच्या रायफलींमध्ये चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी साधारण साडेतेरा इंच असते, आणि नेमबाजीचं जाड जाकीट चढवलं की तीच रायफल अंगाला लांब वाटू लागते. म्हणून तपासणी जाकीट घालूनच करावी. रायफल रिकामी आहे हे स्वतः उघडून पाहावं. मग डोळे मिटून ती खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर सैल टेकवायचा आणि डोळे उघडायचे. साइटच्या भोकात मधोमध दिसलं तर दस्ता आपला. मान वर करावी, खाली ओढावी किंवा गाल दाबावा लागला तर नाही. असं निदान पाचसहा वेळा करून पाहावं, कारण पहिल्या वेळी शरीर सांभाळून घेतं.

गैरसमज: सराव झाला की माणूस दस्त्याला जुळवून घेतो.

जुळवून घेतो, पण त्याची किंमत मोजतो. दस्त्याची गालाकडची बाजू बुटकी असेल तर गाल अधांतरी राहतो आणि डोळा प्रत्येक नेमाला थोडा वेगळ्या जागी येतो. हिशोब करून पाहा. दोन्ही साइट्समध्ये ८० सेंटिमीटर अंतर आहे आणि त्यांची सरळ रेघ एक दशांश मिलिमीटरने चुकली, तर १० मीटरवर छरा सव्वा मिलिमीटर सरकतो. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर मधला दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरवर. म्हणजे केसाएवढ्या चुकीला अर्धा गुण गेला. पुतणीच्या दस्त्याला आम्ही कॉर्कच्या पट्ट्या चिकटपट्टीने लावत गेलो. सहा मिलिमीटरवर तिचा गाल टेकला आणि मानेची ताठर शीर सैल झालेली हाताला कळली.

गैरसमज: एकदा जुळलं की कायमचं जुळलं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून, अशा तीन स्थितींत नेम धरायचा असतो. माणूस तोच, रायफल तीच, पण प्रत्येक स्थितीत मान आणि खांद्याचा कोन वेगळा असतो, म्हणून नेमबाज स्थिती बदलताना बटप्लेट, म्हणजे दस्त्याची खांद्याला टेकणारी पट्टी, आणि गालाचा टेकू सरकवतात. एकाच शरीराला एक माप पुरत नाही, मग वाढत्या वयाच्या मुलीला कसं पुरेल? आमच्याकडे आता वहीत तारीख आणि माप लिहिलं जातं.

गैरसमज: स्क्रू जितके घट्ट, तितका नेम पक्का.

दोन स्क्रूंच्या रायफलीवर ही परीक्षा करावी. नळी जिथे दस्त्यात शिरते त्या सांध्यावर बोटाचं टोक ठेवा आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. बोटाखाली नळी उचलल्यासारखी वाटली, तर खालची बैठक सपाट नाही आणि घट्ट स्क्रू लोखंडालाच वाकवत होता. असा दस्ता आवळून सुधारत नाही, उलट ताण वाढतो. बैठक नीट करून घ्यावी आणि स्क्रू बनवणाऱ्याने सांगितलेल्या जोरावरच लावावा.

नळी मोकळी ठेवलेल्या रायफलीत नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून पाहतात. कोकणात ही चाचणी मे महिन्यात एकदा आणि आषाढात एकदा करायला हवी. आमच्याकडे अलोऱ्यात पाऊस सुरू झाला की दारं चौकटीत अडकतात, लाकडी दस्ताही तसाच फुगतो. उन्हाळ्यात अलगद गेलेला कागद जुलैमध्ये अडकतो. एका बाजूनेच अडकला तर नळी ढकलली जाते आणि ग्रुप दुसरीकडे जातो. लाकूड चांगलं वाळलेलं नसेल, आतली बाजू तेल-पॉलिश न करता कोरी सोडली असेल, तर हे आणखी लवकर होतं.

गैरसमज: लाकूडकामच ते, गावचा सुतार करून देईल.

एअर रायफलीच्या कॉर्कच्या पट्टीपुरतं ठीक. पण शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक असेल तर शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. म्हणून ती परवानाधारक बंदूकदुरुस्ती करणाऱ्याकडेच न्यावी. कायद्याशिवाय आणखी एक कारण आहे. दस्ता बदलल्यावर चाप आजूबाजूच्या कडीला घासत नाही ना, सेफ्टी पुढे-मागे पूर्ण सरकते ना, बोल्ट शेवटपर्यंत खाली बसतो ना, हे रिकाम्या शस्त्रावर तपासावं लागतं. लाकडाचा एखादा मिलिमीटर जास्त उरला तरी सेफ्टी अर्धवट लागते, आणि ती लागली आहे असं समजून माणूस वावरतो. मी या तपासणीत कधीच घाई करत नाही.

महागडा ॲल्युमिनियमचा, चाव्यांनी सरकणारा दस्ता घेतला की सगळं सुटतं, असंही म्हणतात. तो पावसात फुगत नाही हे खरं. पण त्याच्या चाव्या कोणी जुळवून दिल्या नाहीत तर तोही त्या लाकडाइतकाच परका राहतो.

पुतणीच्या रायफलीवरच्या कॉर्कला आता पेन्सिलीची एक रेघ आहे. दर रविवारी ती जाकीट चढवते, पडवीत भिंतीकडे तोंड करून रिकामी रायफल उचलते, डोळे मिटते आणि उघडते. मान हलली की रेघ वर सरकते.